मोठ्या आतड्यातील पॉलिप आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : एका देणगीच्या निमित्ताने केलेला अभ्यास



वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर एखाद्या वैद्यकीय विषयाची ओळख करून देण्याची आपली प्रथा आहे. या वर्षीचा विषय मात्र केवळ माहितीसाठी निवडलेला नाही. अहवाल वर्षात एका देणगीदार कुटुंबाने मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीला कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड देणारे यंत्र घेण्यासाठी भरीव देणगी देऊ केली. या कुटुंबातील कर्त्या गृहस्थांचे निधन मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने झाले होते, आणि त्याआधी दोन वर्षे अन्यत्र झालेल्या दुर्बीण तपासणीचा अहवाल निर्दोष होता. “त्या वेळी हे यंत्र असते तर वडील वाचले असते का?” हा त्यांच्या चिरंजीवांचा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या सभेत वाचला गेला, तेव्हा सभागृहात काही काळ कोणीच बोलले नाही. निर्णय घेण्यापूर्वी विषयाचा अभ्यास करून टिपण सादर करण्याचे काम प्रशासनाकडे सोपविण्यात आले. आमच्या पोटविकार विभागातील डॉक्टरांनी वाचावयास दिलेले शोधनिबंध, त्यांच्याशी वेळोवेळी झालेली चर्चा आणि दुर्बीण कक्षाच्या कोपऱ्यात बसून पाहिलेले काम यांच्या आधारे तयार झालेले ते टिपण येथे लेखरूपाने सादर करीत आहोत. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. तेव्हा वैद्यकीय बाजूने काही उणे राहिले असल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम पॉलिप म्हणजे काय ते पाहू. मोठे आतडे ही सुमारे दीड मीटर लांबीची नळी असून तिच्या आतील अस्तरावर वयोमानाने काही जणांना लहान उंचवटे येतात. काही देठावर उभ्या असलेल्या अळंबीसारखे, तर काही अस्तराला चिकटून असलेले, सपाट, सहज न दिसणारे. यांनाच पॉलिप म्हणतात. आपल्याकडे याची मूळव्याधीच्या मोडाशी गल्लत होते, आणि शौचावाटे रक्त पडले की ‘मोड आला असेल’ असे म्हणून महिनोन् महिने घरगुती औषधे घेतली जातात. या समजुतीने किती रुग्ण उशिरा आमच्या दारी येतात हे बाह्यरुग्ण विभागातील प्रत्येक डॉक्टर खेदाने सांगेल. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या ८०० रुग्णांच्या आढाव्यात रुग्णांचे सरासरी वय अवघे ४७ वर्षे होते. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत हा आजार आपल्याकडे कमी असला तरी तो ऐन कर्त्या वयात येतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

सर्वच पॉलिप धोक्याचे नसतात. ‘हायपरप्लास्टिक’ प्रकारचे लहान पॉलिप, विशेषतः आतड्याच्या शेवटच्या भागातील, जन्मभर निरुपद्रवी राहू शकतात. ‘अ‍ॅडिनोमा’ प्रकारचे पॉलिप मात्र काही वर्षांनी कर्करोगाचे रूप घेऊ शकतात. या बदलाला बहुधा दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि या दीर्घ अवधीतच वैद्यकशास्त्राला संधी मिळते. १९६९ साली न्यूयॉर्क येथे डॉ. हिरोमी शिन्या आणि डॉ. विल्यम वुल्फ यांनी दुर्बिणीतून तारेचा फास सोडून, पोट न उघडता पॉलिप काढून दाखविला. तोवर अशा पॉलिपासाठी शस्त्रक्रियाच करावी लागे. पुढे अमेरिकेतील ‘नॅशनल पॉलिप स्टडी’ या अभ्यासाने १९९३ साली दाखवून दिले की, अ‍ॅडिनोमा काढून टाकलेल्या रुग्णांत कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी झाले. याच रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेऊन २०१२ साली असे प्रसिद्ध झाले की, या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ५३ टक्क्यांनी घटले होते. ज्या तपासणीत रोगाचे निदान आणि त्याचे प्रतिबंधक उपचार एकाच बैठकीत होतात अशा तपासण्या वैद्यकात फार थोड्या आहेत.

तथापि ही तपासणी माणसाच्या डोळ्यांवर अवलंबून आहे. एकाच रुग्णाची एकाच दिवशी पाठोपाठ दोनदा दुर्बीण तपासणी करून, पहिल्या वेळी काय निसटले ते मोजणारे अभ्यास झाले आहेत. अशा अभ्यासांचा २००६ साली एकत्रित आढावा घेतला असता, पहिल्या तपासणीत सुमारे २२ टक्के पॉलिप निसटलेले आढळले. निसटलेल्यांत बहुसंख्य लहान होते ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी गोष्ट. आतड्याला आडव्या घड्या असतात व घडीच्या मागे दडलेला पॉलिप दिसत नाही. पोट पुरते साफ नसेल तर मळाखाली दडलेला दिसत नाही. कित्येकदा पडद्यावर तो समोर असतो, पण डॉक्टरांची नजर त्या क्षणी पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात असते.

या तीन कारणांपैकी कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र फक्त तिसऱ्या कारणावर उपाय करते. आमच्या संपूर्ण अभ्यासाचे सार एका वाक्यात सांगावयाचे झाले तर ते हेच, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात नेमके हेच वाक्य आम्हांस आढळले नाही.

यंत्राची रीत अशी. हजारो पॉलिपांची छायाचित्रे, प्रत्येकावर तज्ज्ञ डॉक्टरांनी पॉलिपाची कड आखून, संगणकाला दाखविली जातात. चीनमधील चेंगडू येथील एका प्रणालीसाठी १,२९० रुग्णांची ५,५४५ चित्रे वापरण्यात आली होती. पॉलिप म्हणजे काय याची व्याख्या संगणकाला कोणी शिकवीत नाही. चित्रांतील छटा, कडा व पोत यांची सांगड तो स्वतःच घालतो. सराफ पुष्कळ दागिने हाताळून खोटे नाणे ओळखतो, पण कसे ओळखले ते त्याला नीट सांगता येत नाही, तसेच काहीसे. प्रत्यक्ष तपासणीच्या वेळी दुर्बिणीचे चित्र या संगणकातून जाते आणि संशयास्पद जागेभोवती पडद्यावर तत्क्षणी एक चौकट उमटते. चौकट उमटली म्हणजे पॉलिप आहेच असे नव्हे. कंपनीने आमच्याकडे दोन सत्रांत यंत्राचे प्रात्यक्षिक दाखविले, तेव्हा साबणाच्या फेसाचे बुडबुडे, मळाचा बारीक कण आणि आतड्याची साधी घडी यांवरही चौकट उमटताना आम्ही पाहिली. डॉक्टर शांतपणे पाणी सोडत, बुडबुडे धुऊन जात आणि चौकट नाहीशी होई. एकदा मात्र चौकट अशा एका फिकट, सपाट जागी स्थिरावली की, डॉक्टरांनी दुर्बीण मागे घेतली, पुन्हा पाहिले आणि परिचारिकेकडे फास मागितला. आम्हांस त्या जागी शेवटपर्यंत काहीच दिसले नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो.

परदेशांतील अभ्यासांचे आकडे उत्साहवर्धक आहेत. चेंगडू येथे १,०५८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, यंत्राविना २०.३ टक्के रुग्णांत अ‍ॅडिनोमा सापडले, तर यंत्रासह २९.१ टक्के रुग्णांत. इटलीत ६८५ रुग्णांच्या चाचणीत २०२० साली हेच प्रमाण ४०.४ वरून ५४.८ टक्क्यांवर गेले. पाठोपाठ दोनदा तपासणी करणाऱ्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर निसटणाऱ्या अ‍ॅडिनोमांचे प्रमाण ३२.४ टक्क्यांवरून १५.५ टक्क्यांवर आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पहिल्या यंत्रास एप्रिल २०२१ मध्ये परवानगी दिली.

हिशेबनिसाच्या सवयीने आम्ही या आकड्यांच्या पोटात काय आहे ते विचारले. चेंगडूच्या चाचणीतील वाढ ही जवळजवळ सर्वस्वी अगदी लहान अ‍ॅडिनोमांची होती. मोठ्या अ‍ॅडिनोमांच्या संख्येत फरक पडला नव्हता. निरुपद्रवी हायपरप्लास्टिक पॉलिपही यंत्रामुळे अधिक सापडले व काढले गेले. काढलेला प्रत्येक पॉलिप बाटलीत घालून पॅथॉलॉजी विभागात जातो, त्याचे काप होतात, अहवाल होतो व देयकात एक ओळ वाढते. शिवाय अ‍ॅडिनोमा सापडलेल्या रुग्णास काही वर्षांनी पुन्हा तपासणीस बोलवावे लागते. २०२५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने याच मुद्द्यांवर, म्हणजे कर्करोग टळण्यातील लाभ अल्प व पुनर्तपासणीचा बोजा निश्चित या कारणांस्तव, अशा यंत्राच्या नित्य वापराविरुद्ध सौम्य शिफारस केली. इतर तज्ज्ञ गटांची मते याहून वेगळी आहेत. मोठ्या देशांतील मोठ्या विद्वानांत जेथे एकमत नाही, तेथे एका धर्मादाय रुग्णालयाने घाई करू नये असे आमचे नम्र मत झाले.

यंत्राचे दुसरे काम पॉलिप शोधण्याचे नसून त्याची जात ओळखण्याचे आहे, आणि आम्हांस व्यक्तिशः हे काम अधिक मोलाचे वाटते. पाच मिलिमीटरपर्यंतचा, म्हणजे साबुदाण्याच्या दाण्याएवढा पॉलिप दिसला की तो अ‍ॅडिनोमा आहे की निरुपद्रवी आहे हे तेथल्या तेथे ठरविता आले, तर निरुपद्रवी पॉलिप जागच्या जागी सोडून देता येईल आणि तुकडा तपासणीचा खर्च वाचेल. यासाठी निळ्या व हिरव्या प्रकाशाचा उपयोग करतात. हे दोन रंग रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते, त्यामुळे पॉलिपावरील रक्तवाहिन्यांची जाळी गडद उठून दिसते, आणि अ‍ॅडिनोमाची जाळी निरुपद्रवी पॉलिपाहून वेगळी असते. जपानमधील डॉक्टरांनी या विद्येत फार मोठे काम केले आहे. अमेरिकेतील दुर्बीणतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली याविषयी कसोटी ठरवून दिली : शेवटच्या भागातील बारीक पॉलिप ‘अ‍ॅडिनोमा नाही’ असे म्हणून सोडावयाचे असतील, तर ते म्हणणे किमान ९० टक्के वेळा खरे ठरले पाहिजे.

संगणक येथे किती साहाय्य करतो? नॉर्वे, ब्रिटन व जपान येथील केंद्रांत झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डॉक्टरांनी केवळ नजरेने ८८.४ टक्के धोक्याचे बारीक पॉलिप बरोबर ओळखले आणि संगणकाच्या साहाय्याने ९०.४ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ग्राह्य धरण्याइतका नव्हता. मात्र ‘मी हे खात्रीने सांगतो’ असे डॉक्टर म्हणू शकले ते प्रमाण ७४.२ टक्क्यांवरून ९२.६ टक्क्यांवर गेले. अचूकता जवळपास तीच, खात्री मात्र वाढली. हे चांगले की काळजीचे, यावर आमच्या दोन डॉक्टरांत बराच वाद झाला. आमच्यापुरता प्रश्न साधा होता : सोडून दिलेला पॉलिप पुढे धोक्याचा निघाला, तर रुग्णाच्या मुलाला उत्तर कोणी द्यावयाचे? अहवालाखाली सही यंत्राची नसते. म्हणून संशय असेल तेथे पॉलिप काढून तुकडा तपासणीस पाठविण्याची आपली पद्धत तूर्त कायम आहे. निर्धन रुग्ण निधीतून मोफत उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या बाबतीतही ती तशीच पाळली जाते. खर्च वाचविण्याची सुरुवात गरिबाच्या बाटलीपासून होऊ नये.

आणखी एक अभ्यास विश्वस्तांपुढे मुद्दाम ठेवला. पोलंडमधील चार केंद्रांत हे यंत्र नित्य वापरात आल्यानंतर, ज्या तपासण्या यंत्राविना झाल्या त्यांत अ‍ॅडिनोमा सापडण्याचे प्रमाण पूर्वीच्या २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर घसरल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झाले. तेथील डॉक्टर अननुभवी नव्हते. या एका निरीक्षणावरून अंतिम निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही, हे त्या संशोधकांनाही मान्य असावे. परंतु आकडेमोडीचे यंत्र आल्यावर आमच्या पिढीची तोंडी बेरीज कशी गेली हे आम्ही अनुभवले आहे. आमच्या भागात वीजपुरवठा, दुरुस्तीचा करार आणि सुटे भाग यांची शाश्वती पाहता, यंत्र महिनाभर बंद राहण्याची वेळ येऊ शकते. त्या महिन्यातील रुग्णांचा विचार करावयास नको का?

याउलट, आम्हांस सर्वाधिक अंतर्मुख करणारा अभ्यास संगणकाशी संबंधित नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील बारा डॉक्टरांच्या ७,८८२ तपासण्यांचा आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. दुर्बीण आतड्याच्या टोकापर्यंत नेऊन परत बाहेर काढताना पाहणी होते. या परतीच्या प्रवासास जे डॉक्टर सरासरी सहा मिनिटे वा अधिक वेळ देत, त्यांना २८.३ टक्के रुग्णांत अ‍ॅडिनोमा सापडले. जे याहून घाई करीत, त्यांना अवघ्या ११.८ टक्के रुग्णांत. हा फरक यंत्राने मिळणाऱ्या लाभाहून मोठा आहे, आणि तो भिंतीवरील घड्याळाने मिळतो. आपल्या दुर्बीण कक्षातील नोंदवहीत परतीच्या वेळेचा रकाना नव्हता. तो आता आखला आहे. सकाळच्या सत्रात किती तपासण्या ठेवाव्यात याचे वेळापत्रक प्रशासन ठरविते, डॉक्टर नव्हेत; तेव्हा घाईचा काही दोष आमच्याही माथी येतो, आणि म्हणून एका सत्रातील तपासण्यांची संख्या कमी केली आहे. प्रतीक्षा यादी त्यामुळे लांबली आहे, याबद्दल रुग्ण व आप्तेष्टांची दिलगिरी व्यक्त करतो.

आता पोट साफ करण्याविषयी. ही बाब ऐकावयास किरकोळ, परंतु आमच्याकडील खरी अडचण येथेच आहे. जुलाबाचे औषध दोन भागांत घेतले, म्हणजे अर्धे आदल्या सायंकाळी व अर्धे तपासणीच्या दिवशी पहाटे, तर आतडे सर्वांत स्वच्छ होते. शहरातील रुग्णास हे जमते. तालुक्याच्या पलीकडील खेड्यातून पहाटेच्या एस. टी. ने येणाऱ्या रुग्णाने दुसरा भाग केव्हा घ्यावा? औषध घेऊन तीन तास गाडीत बसणे कोणासही शक्य नाही, स्त्रियांना तर नाहीच. परिणामी ही मंडळी पहाटेचा भाग घेत नाहीत, घेतला असे सांगतात, आणि दुर्बीण आत गेल्यावर पडद्यावर मळच मळ दिसतो. कृत्रिम बुद्धिमत्तेची चौकट मळाच्या पलीकडे पाहू शकत नाही. एका आजींना याच कारणाने दोनदा परत पाठवावे लागले. तिसऱ्यांदा त्या आल्याच नाहीत. टपालाने पाठविलेल्या पत्रास उत्तर आले नाही.

नॉर्वे, स्वीडन व पोलंड येथे ८४ हजारांहून अधिक नागरिकांवर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही, तपासणीचे आमंत्रण मिळालेल्यांपैकी ४२ टक्केच लोक प्रत्यक्ष तपासणीस आले. आपल्याकडे तर सरकारी तपासणी कार्यक्रमात मुख, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत, मोठ्या आतड्याचा नाही. आपल्याकडे दुर्बीण तपासणी होते ती बहुधा लक्षणे दिसल्यावर. म्हणजे जो रुग्ण आमच्या टेबलावर पोहोचतो त्याची एकमेव संधी बहुधा तीच असते, व ती वाया जाऊ न देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य ठरते.

हे सर्व टिपण घेऊन आम्ही देणगीदार कुटुंबाकडे गेलो. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देताना आम्ही खोटा दिलासा दिला नाही. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उद्भवणाऱ्या कर्करोगात निसटलेल्या पॉलिपांचा वाटा मोठा असतो. काही पॉलिप अर्धवट काढले गेलेले असतात, आणि काही रोग मुळातच वेगाने वाढणारे असतात. त्यांच्या वडिलांच्या बाबतीत काय झाले हे आज कोणीही सांगू शकत नाही. यंत्र असते तर कदाचित दिसले असते. आतडे अधिक स्वच्छ असते, सवडीने पाहिले असते, तरीही कदाचित दिसले असते. सोबत गेलेल्या डॉक्टरांनी चिरंजीवांना एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली : सख्ख्या नात्यात हा रोग साठीच्या आत झाला असेल, तर मुलाबाळांनी चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या व्यक्तीस ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तपासणी सुरू करावी. त्यांचे वय चव्वेचाळीस होते आणि तपासणी झालेली नव्हती. ती पुढील महिन्यात आपल्याकडे झाली. दोन लहान पॉलिप काढले, दोन्ही अ‍ॅडिनोमा होते.

विश्वस्त मंडळात एकमत झाले नाही हे नमूद करणे उचित होईल. दोन विश्वस्तांचे मत यंत्र तत्काळ घ्यावे असे होते. नवे तंत्र आपल्या भागातील रुग्णांपर्यंत नेहमी दहा वर्षे उशिरा का पोहोचावे, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर आमच्यापाशी नाही. अखेर देणगीदार कुटुंबाच्या संमतीने देणगीचा विनियोग बदलण्यात आला. धर्मशाळेच्या तळमजल्यावर दुर्बीण तपासणीच्या आदल्या रात्री राहण्यासाठी सहा खोल्या तयार केल्या असून प्रत्येक खोलीस स्वतंत्र शौचालय आहे. भाडे आकारले जात नाही. उर्वरित रकमेतून पॅथॉलॉजी विभागासाठी नवे सूक्ष्मदर्शक घेतले आणि शिल्लक रक्कम मुदत ठेवीत आहे. यंत्राचा विषय पुढील वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर पुन्हा ठेवला आहे. तोवर परतीच्या वेळेची व पोट साफ असण्याची वर्षभराची नोंद हाती येईल आणि तुलना करावयास आपलेच आकडे असतील.

खोल्यांवर दात्याच्या वडिलांचे नाव लावण्याविषयी आम्ही विचारले होते. नाव नको, असे त्यांनी कळविले. त्याऐवजी भिंतीवर मोठे घड्याळ लावावे आणि पहाटे पाच वाजता परिचारिकेने औषधाचा दुसरा भाग स्वतःच्या देखत द्यावा, एवढीच त्यांची सूचना होती. त्याप्रमाणे व्यवस्था करण्यात आली आहे.